राज्याचे कर्ज आणि ऋणाचा धर्म

स्वतः न घेतलेले कर्ज फेडण्यास माणूस बांधील असतो काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराने फार प्राचीन काळी उपस्थित केला आणि त्याचे उत्तर बव्हंशी होकारार्थी दिले. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो. शतपथ ब्राह्मणाने ही कल्पना अस्तित्वात येणाऱ्या प्रत्येकास लागू केली आणि या तीन ऋणांत मनुष्यांच्या ऋणाची भर घातली. अध्ययनाने ऋषींचे, यज्ञाने देवांचे, संततीने पितरांचे आणि आतिथ्याने मनुष्यांचे ऋण फिटते, असा हा विचार आहे. या विचारामागे एक तत्त्व गृहीत धरलेले आहे व पुढील सर्व विवेचनाचा आधार तेच आहे. जन्मणाऱ्याला ज्ञान, देह, अन्न आणि समाज ही आधीच कोणीतरी सिद्ध करून ठेवलेली मिळतात, म्हणून तो ऋणी ठरतो. म्हणजे येथे प्राप्ती आधी येते आणि ऋण तिच्यामागून येते. ज्याला काहीच मिळाले नाही, त्याच्यावर केवळ आधी जन्मलेल्यांच्या इच्छेने ऋण लादता येईल काय, याचे उत्तर मात्र या कल्पनेतून आपोआप निघत नाही, आणि आधुनिक राज्याच्या अर्थसंकल्पाने नेमका हाच प्रश्न पुन्हा समोर आणला आहे.

या प्रश्नाचा विचार एखाद्या ठिकाणाशी जोडून केला तर तो अधिक स्पष्ट होतो. पुणे-सातारा महामार्गावरील नसरापूरहून पश्चिमेकडे वळले की गुंजवणीच्या खोऱ्यात मार्गासनी हे गाव लागते. येथून एक रस्ता साखरवरून राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाकडे जातो आणि दुसरा तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याकडे. भातशेतीचा, भरपूर पावसाचा आणि तरीही उन्हाळ्यात पाण्याला मोताद होणारा हा डोंगरी मुलूख 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत भोरच्या पंतसचिवांच्या अमलाखाली होता. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मान्यता दिली. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र शासनावरील कर्जाचा अंदाज सुमारे 9 लाख 32 हजार कोटी रुपये इतका धरलेला होता. राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटी मानली, तर मार्गासनीत आज जन्मलेल्या बालकाच्या वाट्याला यातले सुमारे 75 हजार रुपये येतात. हा आकडा सभांमधून आणि वृत्तपत्रांतून नेहमी मांडला जातो. परंतु त्या बालकाला या कर्जातून काय मिळाले, हे जोवर सांगितले जात नाही, तोवर तो आकडा घाबरवू शकतो, न्यायनिवाडा करू शकत नाही.

तो निवाडा करण्यासाठी अर्थसंकल्पाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. संविधानाच्या अनुच्छेद 202 नुसार राज्य शासनाने प्रत्येक वित्तीय वर्षाचे वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र, म्हणजे त्या वर्षी अपेक्षित असलेल्या जमाखर्चाचा लेखी अंदाज, विधिमंडळापुढे ठेवावयाचा असतो. शासनाला मिळणारा महसूल आणि त्याने उभारलेली कर्जे राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात आणि विधिमंडळाने विनियोजन अधिनियम संमत केल्याखेरीज त्या निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. अकल्पित खर्चासाठी आकस्मिकता निधी असतो, तर भविष्य निर्वाह निधीसारख्या ज्या रकमा शासनाकडे केवळ ठेवीच्या स्वरूपात येतात, त्या लोकलेख्यात राहतात. ज्यावर विधानसभेत मतदान होते तो खर्च दत्तमत आणि ज्यावर मतदान होत नाही तो भारित, असे खर्चाचे दोन वर्ग असून कर्जावरील व्याज आणि मुद्दलाची परतफेड दुसऱ्या वर्गात मोडतात.

याहून महत्त्वाचा भेद महसुली आणि भांडवली यांमधला आहे. वस्तू व सेवा कर, पेट्रोल-डिझेल व मद्यावरील विक्रीकर, मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, वाहन कर आणि केंद्रीय करांतील वाटा या मार्गांनी येणारा पैसा परत करावा लागत नाही, म्हणून ती महसुली जमा होय. कर्जरूपाने आलेला पैसा परत करावयाचा असतो, म्हणून ती भांडवली जमा होय. त्याचप्रमाणे वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने आणि अर्थसाहाय्य यांवरील खर्च त्या वर्षाबरोबर संपतो, म्हणून तो महसुली. धरण, रस्ता, रुग्णालयाची इमारत यांवरील खर्चातून मागे टिकणारी मालमत्ता उरते, म्हणून तो भांडवली. महसुली जमेपेक्षा महसुली खर्च जेवढा अधिक तेवढी महसुली तूट, आणि कर्ज वगळता सर्व प्राप्तीपेक्षा एकूण खर्च जेवढा अधिक तेवढी राजकोषीय तूट. तत्कालीन उपमुख्यमंत्री तथा वित्तमंत्री अजित पवार यांनी 10 मार्च 2025 रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात एकूण खर्च 7 लाख 20 कोटी, महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी, महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी, महसुली तूट 45 हजार 891 कोटी आणि राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार 235 कोटी रुपये अंदाजिली होती. या आकड्यांतून निघणारा नैतिक अर्थ असा की, वर्षभरात घ्यावयाच्या निव्वळ कर्जापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग पुढे टिकणाऱ्या गोष्टींसाठी आहे आणि सुमारे एक तृतीयांश भाग त्याच वर्षी संपून जाणाऱ्या खर्चासाठी आहे. पुढच्या पिढीवर दोन्हींचे ओझे सारखेच पडते, परंतु प्राप्ती मात्र एकाचीच होते.

वडिलांच्या कर्जाबाबत धर्मशास्त्रकारांनी केलेला विचार येथे मार्गदर्शक ठरतो. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा त्यांचा सर्वसाधारण नियम असला, तरी तो निरपवाद नाही. मद्यपान, कामासक्ती आणि द्यूत यांसाठी काढलेले कर्ज, दंडाची व शुल्काची थकबाकी आणि वृथादान, म्हणजे अपात्री केलेले निरर्थक दान, यांचे ऋण पुत्राने फेडू नये, असे याज्ञवल्क्याने स्पष्ट सांगितले आहे. याउलट कुटुंबार्थ, म्हणजे साऱ्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी घेतलेले ऋण सर्वांवर बंधनकारक मानले आहे. बृहस्पतीने तर पिढ्यांनुसार पायऱ्या ठरविल्या आहेत: पुत्राने व्याजासह, पौत्राने केवळ मुद्दल, आणि प्रपौत्रावर कोणतेच बंधन नाही. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये हा दामदुपटीचा नियमही याच विचाराचे अंग असून मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो ब्रिटिश अमदानीतही मान्य केला होता. पित्याचे ऋण फेडण्याचे पुत्राचे हे धार्मिक कर्तव्य न्यायालये दीर्घकाळ अमलात आणत राहिली. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील 2005 च्या सुधारणेनंतर काढलेल्या कर्जांपुरते ते संपुष्टात आले. म्हणजे आज व्यक्तीच्या बाबतीत पूर्वजांच्या कर्जाचे कायदेशीर बंधन ढिले झाले आहे, तर राज्याच्या बाबतीत ते पूर्णपणे कायम असून त्याला पिढीची मर्यादा नाही आणि कर्जाच्या प्रयोजनाची अटही नाही.

कुटुंबार्थ ऋण आणि वृथादान यांतील भेद राज्याला लावावयाचा, तर कुटुंबार्थाच्या मर्यादा ठरवाव्या लागतात. या बाबतीत मार्गासनीच्या परिसराचा इतिहास बोधप्रद आहे. तोरण्यावर सापडलेले धन शिवाजी महाराजांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर दुर्ग उभारण्यासाठी खर्च केले आणि तोच दुर्ग राजगड या नावाने स्वराज्याची पहिली राजधानी झाला, अशी परंपरा आहे. अवचित हाती आलेले द्रव्य वाटून संपविण्याऐवजी दीर्घकाळ आश्रय देणाऱ्या वास्तूत गुंतविण्याचा तो निर्णय होता. याच राजनीतीचे पुढे शास्त्र मांडताना रामचंद्रपंत अमात्यांनी, इ. स. 1715 च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात, सेवकांना वेतनाऐवजी वंशपरंपरागत वृत्ती व जमिनी देण्यास विरोध केला. चाकरीचा मोबदला वेतनाने द्यावा. जमीन तोडून दिली तर राज्याचे उत्पन्न कायमचे घटते आणि पुढील राजाला प्रजापालन करण्याचे साधन उरत नाही, असा त्या विरोधाचा गाभा आहे. आजचा राज्यकर्ता जमीन तोडून देत नाही. परंतु आवर्ती खर्चासाठी कर्ज काढताना तो भावी महसूल तोडून देत असतो, आणि भावी शासनाचे हात बांधले जाण्याचा परिणाम दोन्हीकडे एकच होतो.

तथापि भांडवली खर्च झाला म्हणजे धर्म पाळला गेला, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. कृष्णा खोऱ्यातील पाणीवाटपाचा बच्छावत लवादाचा निवाडा 1976 मध्ये अंतिम झाला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 560 अब्ज घनफूट पाणी आले आणि 31 मे 2000 नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, अशी तरतूद राहिली. मुदतीच्या आत वाट्याचे पाणी अडविण्यासाठी राज्याने 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. महामंडळाने शासनाच्या हमीवर, चढ्या व्याजाचे रोखे विकून जनतेकडून पैसा उभा केला. हमी याचा अर्थ असा की, महामंडळाने कर्ज फेडले नाही तर ते शासनाने फेडावयाचे. म्हणजे अर्थसंकल्पातील तुटीत न दिसणारे हे कर्ज प्रत्यक्षात राज्याचेच असते. हेतू कुटुंबार्थ होता यात शंका नाही. परंतु एकाच वेळी असंख्य कामे हाती घेतली गेली, निधी विखुरला, आणि कित्येक प्रकल्प वर्षानुवर्षे अपुरे राहिले. मार्गासनीपासून जवळच धानेप येथे उभे राहिलेले गुंजवणी धरण याच महामंडळाचे असून, त्याचे पाणी वेल्हे, भोर आणि पुरंदर तालुक्यांसाठी योजलेले आहे. धरण प्रत्यक्ष उभे राहण्यासच दशके लागली आणि पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या बंद नलिकांचा प्रश्न त्यानंतरही प्रदीर्घ काळ रेंगाळला. कर्जावरील व्याज पहिल्या दिवसापासून चढते आणि पाणी एका पिढीनंतर मिळते, तेव्हा मधली पिढी ऋणाचे ओझे वाहते आणि प्राप्तीला मुकते. शिवाय ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांनी राज्याला दिलेले कर्ज कोणत्याच विवरणपत्रात नोंदले जात नाही; पुनर्वसन पूर्ण होईपर्यंत राज्य त्यांचे ऋणकोच असते.

आता दुसऱ्या बाजूचा, म्हणजे आजच्या भुकेचा विचार केला पाहिजे. जो समाज टिकाऊ मालमत्ता उभी करण्याच्या नावाखाली समोरच्या दुःखिताला उपाशी ठेवतो, त्याला धर्माचा आधार नाही. शतपथ ब्राह्मणाने सांगितलेले मनुष्यऋण हे अन्न देऊनच फिटणारे ऋण आहे. या पेचाचे मराठी भक्तिपरंपरेने दिलेले सर्वांत सखोल उत्तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेत आढळते, जी महिपतींनी 1762 मधील भक्तविजयात सविस्तर सांगितली आहे. बिदरच्या बादशहाचे अधिकारी असलेल्या दामाजींनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, आणि त्यांना शिक्षेसाठी नेले जात असता विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची पूर्ण किंमत भरली व तिची पावती घेतली, अशी ती कथा आहे. दामाजींची करुणा योग्य होती याविषयी कथेला तिळमात्र संदेह नाही. तरीही करुणेने हिशेब रद्द होतो असे ती म्हणत नाही. कोठार दामाजींचे नव्हते, म्हणून त्यातील धान्याचे मोल कोणीतरी चुकते करणे आवश्यक होते, आणि ते चुकते करण्यासाठी प्रत्यक्ष देवाला यावे लागले.

तुकोबांच्या चरित्रातील प्रसिद्ध प्रसंग याच सत्याची दुसरी बाजू दाखवितो. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडविले, पण त्याआधी निम्मे कागद धाकट्या भावाला वेगळे काढून दिले, असे परंपरा सांगते. माफी द्यावयाची ती आपल्या मालकीच्या वस्तूची, भावाच्या वाट्याची नव्हे, हा विवेक त्या वैराग्यातही सुटलेला नाही. महाराष्ट्राने 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली, तेव्हा कर्ज माफ झाले असे म्हटले गेले. वस्तुतः शेतकऱ्याच्या खात्यावरील रक्कम शासनाने बँकेला भरली, म्हणजे ऋण नष्ट न होता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले. संकटातील शेतकऱ्याच्या मानेवरचे ओझे समाजाने आपल्या खांद्यावर घेणे हे धर्म्य कृत्य आहे; मात्र ते ज्यांच्या खांद्यावर गेले त्यांत भाऊ आहे, भावाची अजून न जन्मलेली मुले आहेत, याचे भान सुटता कामा नये.

जुलै 2024 पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेकडेही याच दृष्टीने पाहणे उचित आहे. पात्र स्त्रीला दरमहा 1500 रुपये देणाऱ्या या योजनेसाठी 2025-26 मध्ये 36 हजार कोटी रुपयांची तरतूद होती. वेल्ह्यासारख्या तालुक्यात, जिथे घरातील कष्ट स्त्रीचे आणि पैसा इतरांच्या हाती अशी स्थिती सर्रास आहे, तिथे हे साहाय्य वृथादान ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु ते जर कुटुंबार्थ आहे, तर त्याचा भार आजच्या कमावत्या कुटुंबाने करांच्या रूपाने उचलला पाहिजे. आजची ओवाळणी उद्याच्या भाचीच्या नावावर कर्ज काढून घालणे नात्याला शोभत नाही.

महाराष्ट्राने हा मार्ग पूर्वी एकदा प्रत्यक्ष दाखवून दिला आहे. 1972 च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना राज्यभर आली आणि तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. नोकरदार आणि व्यावसायिक यांनी हा कर द्यावा, त्याच्याइतकीच रक्कम शासनाने घालावी आणि त्या निधीतून ग्रामीण मजुराला मागेल तेव्हा काम मिळावे, अशी ती व्यवस्था होती. त्या कामांतून पाझर तलाव, बंधारे आणि रस्ते उभे राहिले. भुकेल्याला अन्न, ते देणाऱ्याचे नाव स्पष्ट, आणि पुढील पिढीसाठी मालमत्ता, ही तिन्ही अंगे जिथे एकत्र आली, ती योजना पुढे सबंध देशाच्या कायद्याला प्रेरक ठरली, हा केवळ योगायोग नव्हे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. पुढील पिढ्या आजच्यापेक्षा संपन्न असणार, राज्याचे कर्ज स्थूल राज्य उत्पन्नाच्या, म्हणजे वर्षभरात राज्यात निर्माण होणाऱ्या वस्तू व सेवांच्या एकूण मूल्याच्या, 2025-26 च्या अंदाजानुसार सुमारे 19 टक्केच होते, आणि राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या मर्यादेत होती. मग आजच्या गरिबाने उद्याच्या श्रीमंतासाठी झीज का सोसावी, असा हा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे, आणि महाराष्ट्र कर्जात बुडाला असे म्हणणे त्यामुळे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. तरीही दोन गोष्टी त्यात सुटतात. पहिली ही की, राज्याची सरासरी संपन्नता मार्गासनीपर्यंत समान पोहोचत नाही. तिथला मनुष्य वस्तू व सेवा कर मात्र पुण्यातल्या माणसाच्याच दराने भरतो. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. व्याज हा भारित खर्च असल्यामुळे भावी विधिमंडळाला त्यावर मतदान करता येत नाही. 2025-26 मध्ये या एका बाबीसाठी 60 हजार कोटींहून अधिक रक्कम मतदानाशिवाय बाजूला पडली. पृथ्वी ही जिवंत असलेल्यांच्या उपभोगासाठी असते आणि एका पिढीला दुसरीला बांधण्याचा अधिकार नाही, असे थॉमस जेफर्सन यांनी 1789 मध्ये जेम्स मॅडिसन यांना लिहिले होते. त्यांचा हा सिद्धान्त टोकाचा आहे, कारण त्यात वारसाने मिळणाऱ्या प्राप्तीचा विचार अपुरा आहे; पण कर्जामुळे पैशाबरोबर पुढच्या पिढीचे मतही खर्च होते, हे त्यातील सत्य नाकारता येत नाही.

म्हणून महसुली तूट ही केवळ हिशेबाची संज्ञा न राहता नीतीची कसोटी ठरते. महाराष्ट्राने 2005 मध्ये राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापनाचा कायदा करून ही कसोटी तत्त्वतः मान्य केलेली आहे. अनुच्छेद 293 राज्याच्या कर्ज उभारणीला मर्यादा घालतो आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे येतात. एका पैशाची चूक शोधण्यासाठी रात्र जागविणाऱ्या एकनाथांना जनार्दनस्वामींनी परमार्थाचा अधिकारी मानले, अशी कथा सांगणाऱ्या समाजाला हिशेब तपासणे ही रुक्ष, परक्याची बाब वाटता कामा नये. तरीही अर्थसंकल्पाच्या दिवशी काय मिळाले याचीच चर्चा गावोगावी होते आणि ते कोणाच्या नावावर मिळाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की, राज्याने कर्ज काढणे हा अधर्म नाही आणि कर्ज टाळणे हाच धर्म नाही. जे ऋण पुढील पिढीच्या हाती वेळेवर पूर्ण झालेले धरण, शाळा, आरोग्य किंवा रस्ता ठेवते, ते कुटुंबार्थ होय आणि ते फेडणे तिचे कर्तव्य आहे. जे ऋण आजच्या खर्चात विरून जाते, ते कितीही दयाळू हेतूने काढलेले असले, तरी आजच्याच पिढीने फेडले पाहिजे. प्रत्येक ग्रामसभेने आणि प्रत्येक मतदाराने नव्या घोषणेचे स्वागत करण्यापूर्वी तिचा खर्च महसुली की भांडवली, आणि तो करातून की कर्जातून, एवढे दोन प्रश्न आपल्या आमदारांना विचारावेत. ज्यांना अजून मत नाही, त्यांच्या वतीने हे प्रश्न विचारणे हेच आजच्या नागरिकाचे पितृऋण फेडणे होय.